बत्तीस गाद्या

गादीवर उघड्या पंजाने एक सणसणीत थाप मारायची, उडालेल्या धुळीकडे डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "ढेकूण."

बस्स. काकांचं उत्तर एवढंच, पुढे काही नाही, मागे काही नाही. मी विचारायची, "कुठे आहे ढेकूण? एक तरी दाखवा मला." काका गादीकडे अशा नजरेने बघायचे की जणू तो ढेकूण आत्ता इथेच होता आणि माझ्या आवाजाला घाबरून आत पळाला.

तुम्हीही तुमच्या ऑफिसात किंवा सोसायटीत असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्याशी भांडताच येत नाही. कारण तो भांडतच नाही. आपण तावातावाने बोलतो, तो शांतपणे ऐकतो, मान डोलावतो आणि नंतर जाऊन स्वतःला हवं तेच करतो. माझ्या वाट्याला आलेला असा माणूस म्हणजे हे काका. त्यांचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. अबू धाबी ओलांडलं की रुवैसच्या अलीकडे हायवेवरून समुद्राच्या बाजूला एक फाटा जातो, तिकडचं, एवढं पुरे.

आमची कंपनी फिट-आउटची. म्हणजे इमारत दुसऱ्याने बांधलेली असते, आतल्या भिंती, छत, दिवे, कपाटं आम्ही करून देतो. ऑफिस दुबईत जबल अलीला, घर डिस्कव्हरी गार्डन्सला, आणि हे काम मात्र तिथून तीन तासांवर. आठवड्यातून तीनदा मी पहाटे उठून गाडी काढायची आणि नवऱ्याला डब्याच्या सूचना देत देत निघायची. काम होतं एका जुन्या शाळेच्या वसतिगृहाचं म्युझियम करायचं. त्या किनाऱ्यावरच्या आणि वाळवंटातल्या कुटुंबांचं जुनं जगणं तिथे दाखवायचं होतं. खाली मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांच्या वस्तू, खजुराच्या झावळ्यांच्या चटया, उंटांचे साज. आणि वरचा एक लांबलचक हॉल वसतिगृहाचाच ठेवायचा, जसा होता तसा. रस्ते नव्हते त्या काळात बेटांवरची आणि वाळवंटातली लहान लहान मुलं आईबापांपासून लांब, तिथे राहून शिकायची. बत्तीस खाटा होत्या.

ऐतिहासिक इमारत म्हणे. पन्नास वर्षंसुद्धा झाली नसतील तिला. पुण्यात आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी याहून जुनी आहे, पण तिला कोणी ऐतिहासिक म्हणत नाही, गळकी म्हणतात.

तर या इमारतीबरोबर क्लायंटने आम्हाला काका दिले. वसतिगृह सुरू झालं तेव्हापासूनचे फर्राश. इकडे शाळेतल्या शिपायाला फर्राश म्हणतात, पण काका शिपाई, झाडूवाला, धोबी, सगळंच होते. मूळचे गुहागरकडचे, बावीस-तेविसाव्या वर्षी आलेले. पुढे रस्ते झाले, बस सुरू झाली, मुलं घरूनच शाळेत यायला लागली आणि वसतिगृह बंद पडलं. शाळेने काकांना ठेवून घेतलं. आता तर ते सत्तरीला टेकले होते. क्लायंट म्हणाला, त्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांचा सल्ला घेत जा. माझं ब्लड प्रेशर तिथून सुरू झालं.

पहिल्या दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी विचारलं, "बाय, तू कुठली?"

"पुण्याची."

"हां," काका म्हणाले. त्या 'हां'मध्ये त्यांनी माझी सगळी परीक्षा घेऊन मला नापास करून टाकलं होतं.

मग सुरू झालं, "असा नव्हता." आम्ही भिंतीला रंग लावला की मागून आवाज यायचा, "असा नव्हता गो बाय." खिडकीला जाळी बसवली, "असा नव्हता." पाण्याचा कूलर जिन्याशी ठेवला तर म्हणाले, तो दाराच्या डाव्या हाताला होता. मी मंजूर झालेलं ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी ड्रॉइंगकडे बघितलंसुद्धा नाही. दाराच्या डावीकडे भिंतीवर बोट ठेवून म्हणाले, "हितं फोडा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. फोडलं. आत नळाचा जुना पाइप निघाला, अगदी त्यांच्या बोटाखाली.

चूक निघाले असते तर बरं झालं असतं हो. हा माणूस दर वेळी बरोबर निघायचा, हीच तर खरी कटकट होती. मी जेवायच्या वेळी घरी फोन करून धुसफुसायची. माझी मुलगी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ही इज सो स्टबर्न, ममा. जस्ट लाइक यू."

एक गोष्ट मात्र कबूल करते. त्यांच्यावर फार वेळ रागावून राहता येत नसे. शाळेने त्यांना निवृत्त केलं होतं. व्हिसा रद्द व्हायचाच होता, पण म्युझियमच्या कामात त्यांची गरज आहे, साइटचा पास आहे, या कारणावर शाळा तो पुढे पुढे ढकलत होती. काकांना उद्घाटनापर्यंत राहायचं होतं. उद्घाटनाला वसतिगृहातल्या जुन्या मुलांना बोलावणार होते.

"पोरं येतील," ते रोज म्हणायचे. "किती दिस ऱ्हायले?"

पोरं! त्यातली सगळ्यात लहान पन्नाशीची होती. कोणी मोठ्या हुद्द्यावर होतं, कोणी बंदरात अधिकारी, कोणाच्या नावाने रस्त्यावर दुकानांची रांग. वसतिगृह सोडल्यावर एकही परत फिरकलेला नव्हता आणि काकांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. पोरं मोठी झाली की जायचीच. एकदा ते माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "बाय, दुबैवरनं येताना केसांचा रंग आणशील? काळा. पांढऱ्या डोक्यानं वळखायची नायत." मी आणून दिला. दुसऱ्या दिवशी काका आले ते कानांच्या पाळ्यांसकट काळे. मला हसू आवरेना. ते म्हणाले, "हा सराव व्हता."

आणि मग स्टोअररूममध्ये गाद्या सापडल्या.

आमची डिझायनर बैरूतची होती. हुशार, पण कशानेही भारावून जाणारी. जिन्याखालची खोली उघडली तर आत एकावर एक रचलेल्या बत्तीस गाद्या. अस्सल, त्या काळातल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने आकडा शिवलेला. ऑफिसच्या कपाटात एक जुनं रजिस्टर सापडलं, त्यात कुठल्या आकड्याचा कोण मुलगा ते लिहिलेलं. डिझायनर नाचायचीच बाकी राहिली. काही गाद्यांवर मधोमध मोठमोठे पिवळे-तपकिरी डाग होते, एकात एक कडी असल्यासारखे. तिने त्या डागांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हबीबी, हे बघ! हा खरा इतिहास!" ठरलं. प्रत्येक खाटेवर ज्याची त्याची गादी, उशाशी त्याचं नाव आणि लहानपणीचा फोटो, आणि वरून एकेक दिवा थेट गादीवर. मी डायरीत लिहून घेतलं, स्पॉटलाइट बत्तीस.

काका दारात उभे होते. ते म्हणाले, "असा नव्हता."

"आता काय नव्हतं?"

"गाद्या खाटंवर नसायच्या. सकाळच्याला समद्या गच्चीवर. खाटा मोकळ्या."

मी डिझायनरला सांगितलं. ती म्हणाली, नुसते लोखंडी सांगाडे ठेवले तर तुरुंगासारखं दिसेल. मला पटलं. मी काकांना म्हटलं, "एखाद्या दिवशी वाळवायला नेत असाल हो, पण..."

"रोज."

"रोज? कशाला?"

इथे ते पहिल्यांदा जरा अडखळले. मग वरच्या गादीवर थाप मारून म्हणाले, "ढेकूण."

त्या दिवसापासून माझा छळ सुरू झाला. आम्ही संध्याकाळी गाद्या खाटांवर लावून जायचो, सकाळी येऊन बघावं तर गच्चीवर. आमची माणसं खाली आणायची, हे पुन्हा वर न्यायचे. सत्तरीचा माणूस, एकेक गादी पाठीवर घेऊन जिना चढायचा. मी अबू धाबीहून पेस्ट कंट्रोलवाले बोलावले. त्यांनी फवारणी केली, एकही ढेकूण नसल्याचं सर्टिफिकेट दिलं. मी ते काकांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत बघितलं, घडी घालून मला परत दिलं आणि गादीवर थाप मारली. "ढेकूण."

मग नावाच्या पाट्या. बत्तीस पाट्या मी स्वतः यादी हातात घेऊन लावल्या. दुसऱ्या दिवशी सातव्या खाटेची पाटी एकोणिसाव्या खाटेवर, एकोणिसाव्याची तिसऱ्यावर. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. मी म्हटलं, "काका, तुमची नजर गेली आहे की माझं डोकं फिरवायचं ठरवलंय?" ते म्हणाले, "पोरांची जागा बदलायची गो. कोण कुठं निजायचा त्याचा काय नक्की नव्हता." मी म्हटलं, "रजिस्टरमध्ये नक्की लिहिलं आहे." ते म्हणाले, "रजिस्टर हेडमास्तराचा. निजवायचो मी."

जीव नुसता मेटाकुटीला आला होता. माझ्यावर हँडओव्हरची तारीख, बॉसचे दिवसाला पंधरा फोन, आणि हा म्हातारा माझ्याशी गाद्यांचा खेळ मांडून बसलेला. म्हाताराच म्हणायचे मी त्यांना तेव्हा, मनात.

उद्घाटनाला सोळा दिवस उरले होते. सकाळी नऊला पोचले, वरच्या हॉलमध्ये गेले. खाटा मोकळ्या. म्हटलं, नेल्या वाटतं पुन्हा, आणि दाणदाण जिना चढून गच्चीवर गेले.

बत्तीस गाद्या गच्चीभर पसरलेल्या होत्या आणि प्रत्येकीतून पाणी निथळत होतं. साबणाचा फेस पन्हाळीतून वाहत होता. काकांनी नुसत्या भिजवल्या नव्हत्या, ब्रशने घासल्या होत्या. पन्नाशीला टेकलेलं कापड ते, घासल्यावर कसलं टिकतंय! ठिकठिकाणी फाटलं होतं, आतल्या कापसाचे ओले गोळे बाहेर आले होते. आणि प्रत्येक कोपऱ्यावरचा लाल दोऱ्याचा आकडा उसवून काढलेला. काका शेवटच्या गादीवर गुडघे टेकून बसले होते. हात साबणाने पांढरेफटक पडले होते.

"काका! हे काय केलंत?"

"धुतल्या."

"का? का पण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ओल्या गादीवर थाप मारली आणि म्हणाले, "ढेकूण."

माझा तोल गेला. आयुष्यात मी कोणावर ओरडले नसेन इतकी ओरडले. ढेकणांच्या नावाने त्यांचा उद्धार केला, वयाचा केला, गुहागरचासुद्धा केला. या गाद्या म्हणजे म्युझियमची मालमत्ता आहे, याचा पोलिसात रिपोर्ट होऊ शकतो, माझी नोकरी जाऊ शकते, सगळं बोलले. डिझायनर वर आली आणि मटकन खाली बसून रडायला लागली. काका ब्रश हातात धरून उभे राहिले. मी तिथेच, गच्चीवर उभ्या उभ्या फोनवरून मेल लिहिला. यांचा साइट पास ताबडतोब रद्द करावा.

पाठवल्यावर त्यांना सांगितलं. पोलिसांचं नाव काढलं तेव्हा ते घाबरले नव्हते, पण हे ऐकून चेहरा उतरला. म्हणाले, "बाय, उद्घाटनाला तेवढा येऊ दे. आत नाय येत. गेटावर उभा ऱ्हातो. पोरं गाडीतनं उतरताना बघीन."

मी म्हटलं, "ते माझ्या हातात नाही."

माझ्याच हातात होतं. फोन हातातच होता.

पास गेला, तसं शाळेचं कारणही गेलं. व्हिसा कॅन्सल, तिकीट, खलास. पाचव्या दिवशी काका गुहागरला पोचलेसुद्धा. मला गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. मी 'बरं' म्हटलं आणि कामाला लागले, कारण आता बत्तीस गाद्या नव्याने करून घ्यायच्या होत्या. शारजातून शिवून आणल्या. नव्याकोऱ्या दिसायला नकोत म्हणून डिझायनरने चहाच्या पाण्याने सगळ्यांवर डाग पाडले, अगदी हुबेहूब, एकात एक कडी. आकडे शिवले, पाट्या लावल्या, दिवे सोडले. आणि खरं सांगते, सकाळी हॉलमध्ये गेल्यावर सगळं जागच्या जागी बघून मला फार सुख वाटलं.

उद्घाटनाला अठरा जण आले. पांढरेशुभ्र पायघोळ कंदुरे, पांढऱ्या दाढ्या, बरोबर मुलं, नातवंडं. भाषणं झाली, खजूर आणि गावा, म्हणजे इकडची कॉफी, झाली. मग सगळे वर आले. नातवंडं ओरडत खाटांमधून धावत होती, आपापल्या आजोबांचं नाव शोधत होती.

मी कोपऱ्यात उभी होते. एक गृहस्थ स्वतःच्या खाटेपाशी आले, गादीवरच्या डागाकडे बघितलं आणि जागीच थबकले. मग त्यांनी शेजारची गादी बघितली. तिच्या पलीकडची बघितली. पूर्ण रांग फिरून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. इकडच्या जुन्या माणसांना हिंदी चांगलं येतं.

"ये दाग सब पे है?"

"हो सर, सब पे," मी म्हटलं. "चाय का है." आणि मग माझी इतक्या दिवसांची मळमळ बाहेर पडली. सांगितलं त्यांना, की खऱ्या गाद्या होत्या आमच्याकडे, पण इथे एक फर्राश होता, डोकं फिरलेला म्हातारा, त्याने ऐन वेळी सगळ्या धुऊन फाडून ठेवल्या.

"सब धोया?"

"सब. बत्तीस के बत्तीस. हमेशा बोलता था, खटमल है."

ते गृहस्थ हसले. आधी नुसते हसले, मग डोळ्यांना रुमाल लावला. मला हाताने खूण करून बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं.

"मैं सात साल का था," ते म्हणाले. "माँ उधर, टापू पे. मैं इधर. रात को मेरा गादी गीला होता था. एक दिन नहीं, पूरा साल, रोज. हेडमास्टर बहुत मारता था. उसको मालूम पड़ता तो सबके सामने खड़ा करता. मगर वो फर्राश सुबह सबसे पहले आता था, हमारे उठने का टाइम पे. हम लोग नमाज़ को जाता, तब तक वो सब गादी गच्ची पे लेके जाता, और सब पे पानी डालता था. सब पे. हेडमास्टर पूछता, रोज क्यों धोता है? तो बोलता, खटमल. गाली खाता था वो. हेडमास्टर बोलता था, ये आदमी गंदा है, इसके कपड़े से खटमल आता है."

त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"मैं अकेला नहीं था, इतना मालूम है. तीन-चार और होगा. मगर कौन, मेरे को आज तक मालूम नहीं. किसी को किसी का मालूम नहीं."

त्या अस्सल डागांवर आम्ही दिवे सोडणार होतो. वर नाव, वर फोटो, आणि समोर नातवंडं.

"वो किधर है?" त्यांनी विचारलं. "उसको बुलाया है ना?"

"गाँव गया," मी म्हटलं.

"आज के दिन? क्यों?"

मी म्हटलं, "कंपनी ने भेज दिया."

त्यांनी मान हलवली. एवढंच म्हणाले, उसका नंबर चाहिए, मैं वीज़ा भेजता है, टिकट भेजता है, मेरे घर में रहेगा. मी वॉचमनकडून नंबर घेऊन त्यांना दिला. परत येताना गाडी बाजूला घेऊन मी भरपूर रडले, आणि मग स्वतःवर चिडून आणखी रडले.

दोन दिवसांनी काकांना फोन लावला. त्यांनी उचलला. मागे कोंबड्यांचा कलकलाट होता.

"पोरं आली व्हती?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"अठरा आली."

"अठरा!" काका खूश झाले. "कशी दिसत्यात?"

"म्हातारी."

ते खो-खो हसले. मग मी सांगितलं की एक जण माझ्याशी बोलले, गाद्यांबद्दल. हसणं थांबलं.

"कुणासमोर बोलला?"

"एकट्या माझ्याशी."

"नाव नको सांगू," ते घाईघाईने म्हणाले. "फोनवर तर नकोच."

"काका, मला का नाही सांगितलंत? एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"तुला सांगितला म्हणजे सांगितलाच ना गो. मग धुवायच्या कशाला?"

मी म्हटलं, "काका, पास मी रद्द करायला लावला. मेल माझा होता. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी कंपनीवर ढकललं."

"मला म्हायत हाय मेल तुझा. गेटवर आला व्हता, वॉचमननं वाचून दाखवला," ते म्हणाले. "कंपनी म्हणालीस ता बरा केलास. कंपनीला काय व्हतंय? तुझा नाव कशाला मधी."

एवढं बोलून त्यांनी विषयच संपवला. मी नाक पुसून मुद्द्यावर आले. ते गृहस्थ व्हिसा पाठवतायत, तिकीट पाठवतायत, चार दिवस येऊन जा, पोरांना बघायचं होतं ना तुम्हाला? काका म्हणाले, त्यांचा फोन आला होता.

"मग?"

"मी म्हटला, मी वळखत नाय तुम्हाला."

मी कपाळावर हात मारला. "अहो, का?"

"बाय, तुला अक्कल नाय. त्या एकट्यानं मला बोलावला, घरात ठेवला, तर बाकीची इचारतील ना, ह्याचाच एवढा कोण लागतोय फर्राश? मग एकेकाला आठवायला लागंल. तिकडं सगळी एकमेकांची सोयरी हायत."

"मग तुम्ही येणारच नाही?"

त्यांनी आधी एका कोंबडीला हाकललं.

"सगळ्यांनी मिळून बोलावला तर येन," काका म्हणाले. "बत्तीसच्या बत्तीस. एकट्यादुकट्यानं नको." आणि रेंज नाही म्हणून फोन ठेवून दिला. रेंज उत्तम होती.

हा काय माणूस आहे, तुम्हीच सांगा. आयुष्यभर ज्या पोरांची वाट बघितली, त्यातलं एक विमानाचं तिकीट घेऊन दारात उभं आहे, आणि यांना सगळीच्या सगळी हवीत, एकही कमी नको! मी आठवडाभर फणफणले. मग म्युझियममधून त्या रजिस्टरची प्रत काढून आणली. साधं पत्र लिहिलं, एका पानाचं, की वसतिगृहातल्या आम्हा सगळ्यांना तुम्हाला भेटायचं आहे. कारण काही लिहिलं नाही. आणि एकेकाचा पत्ता शोधत सह्या घ्यायला निघाले. सुट्टीच्या दिवशी मुलीला सांगून जाते, आणि ती म्हणते, "ममा, यू आर नॉट इव्हन गेटिंग पेड." अल ऐनला गेले, बेटावर बोटीने गेले, एक जण अबू धाबीच्या हॉस्पिटलात होते, त्यांनी झोपूनच सही केली. सगळे आनंदाने करतात. कोणीच विचारत नाही की का बोलवायचं. काही जण सही करताना जरा जास्त वेळ घेतात, तेव्हा मी दुसरीकडे बघते. हे सगळं लिहू का, असं त्या गृहस्थांना विचारलं होतं. म्हणाले, "लिख. मेरा नाम मत लिख."

सव्वीस सह्या झाल्या आहेत. एकाचा मुलगा म्हणतो वडील प्रवासात आहेत, पुढच्या आठवड्यात करतील, इन्शाल्ला. म्हणजे सत्तावीस.

उरलेले पाच वारले आहेत. त्यांचं काय करायचं, ते काकांनाच विचारावं लागणार. आणि काका फोन उचलत नाहीत.